उलट्या माणसाचा चेहरा

आमच्या रोक्काल्बात माणसाला दोन तऱ्हांनी फाशी देतात. सापडला तर दोरीने आणि पळून गेला तर रंगाने. दगाबाज हाती लागला नाही की नगरसभेच्या भिंतीवर त्याचे चित्र काढायचे, एका पायाला दोर बांधून उलटे टांगलेले, आणि खाली काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत नाव. मग बाजाराच्या दिवशी गावाने त्याच्यावर शेण मारायचे आणि त्याच्या पोराबाळांनी त्या चौकातून खाली मान घालून जायचे. दोरीच्या फाशीपेक्षा लोक या फाशीला जास्त भितात. दोरीवरचा माणूस सडला की उतरवतात तरी.

असले चित्र काढायला कोणी चितारी आपण होऊन पुढे येत नाही. पुच्चो म्हणून एक होता, त्याने एका सरदाराला हुबेहूब टांगला. पुढच्या जत्रेला जाताना सरदाराच्या पुतण्यांनी त्याला नदीच्या उतारावर गाठले आणि उजव्या हाताची चारही बोटे दगडावर ठेवून कापली. तेव्हापासून ज्याला नाही म्हणायची सोय नसते त्याच्या गळ्यात हे काम पडते. त्या वर्षी ते माझ्या नवऱ्याच्या गळ्यात पडले.

माझा नवरा फाझिओ. हात सोन्याचा आणि काळीज सशाचे. मी नूता. रंग मी वाटायची, अंडी मी फोडायची, चुना मी चाळायची आणि नाव त्याचे व्हायचे. याबद्दल माझी काही तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती आज सांगायची नाही.

झाले ते असे. थंडीत एका पहाटे मासळी वेशीचा अडसर कोणीतरी आतून काढला. गावाने पगार देऊन ठेवलेला सेनापती रानिएरी शेजारच्या शहराला विकला गेला होता, त्याचेच स्वार त्या वेशीतून आत घुसले. धोबीघाटापर्यंत त्यांनी दिसेल त्याला कापले. पाण्याला निघालेल्या बायका, भट्टीवरून पाव आणणारी पोरे, आवाज कसला म्हणून दार उघडणारी म्हातारी माणसे. दुपारपर्यंत गावाने कुऱ्हाडी, मुसळे, हाती लागेल ते घेऊन त्यांना बाहेर रेटले. घाटावरच्या दगडी कुंडातले पाणी लाल झाले होते आणि त्यावर कोणाचे तरी अर्धे धुतलेले कपडे तरंगत होते. बेत्तो खाटकाचे दोन्ही मुलगे त्या वेशीवर पहाऱ्याला होते. दोघांचे गळे चिरलेले सापडले. बेत्तोने त्यांना दोन खांद्यांवर घेऊन घरी नेले, रोज बकरी नेतो तसे, आणि वाटेत कोणालाही हात लावू दिला नाही.

रानिएरी पळाला. अडसर कोणी काढला ते कळले नाही. पोदेस्ता, म्हणजे आमचा न्यायाधीश, वर्षभरासाठी परगावाहून आणलेला असतो, कारण गावातल्या माणसाच्या न्यायावर गावाचाच विश्वास नाही. त्याने संशयावरून तिघांना मागे हात बांधून दोराने वर ओढले आणि खांदे निखळेपर्यंत विचारले. तिघांनी तीन नावे सांगितली. तिन्ही नावे त्या दिवशी मेलेल्या माणसांची निघाली. मग पोदेस्ताने फाझिओला बोलावले.

फाझिओ घरी आला तेव्हा त्याचा रंग आमच्या चुन्यासारखा झाला होता.

"रानिएरीला टांगायचाय," तो म्हणाला. "चेहरा त्याचाच हवा. गावाला फसवलं तर माझा उजवा हात मनगटापासून जाणार."

"तू पाहिलायस का त्याला?"

"एकदा. लांबून. शिरस्त्राण घालून होता."

"म्हणजे नाक तरी दिसलं असेल."

"नाकावरही लोखंड होतं."

ज्या पंचांनी रानिएरीच्या मांडीला मांडी लावून जेवणे झोडली होती, त्यांना जाऊन विचारावे तर ते आता म्हणत होते की आपण त्याला ओळखतही नाही. फाझिओने चार दारे ठोठावली आणि परत आला. आल्यावर त्याचा चेहरा थोडा निवळला होता.

"खरा चेहरा ठाऊक नाही तेच बरंय," तो म्हणाला. "उद्या रानिएरीचे भाऊ माझी बोटं कापायला आले तर सांगेन, बघा, यात तुमचा माणूस आहे कुठं?"

"आणि पोदेस्तानं विचारलं तर?"

"उलट्या चेहऱ्याला ओळख नसते, नूता. गाल डोळ्यांत येतात, हनुवटीचं कपाळ होतं. आई पोराला ओळखणार नाही."

पण कोणता तरी चेहरा हवाच होता, आणि मनाने चेहरा रचणे फाझिओला कधीच जमले नाही. डोळ्यांसमोर असेल तेवढेच त्याच्या हातातून उतरायचे. मनाने काढलेले त्याचे संत उकडलेल्या कांद्यासारखे दिसत. त्याला टांगायला जिवंत माणूस हवा होता, तोही फुकटात आणि तोंड बंद ठेवणारा. माझ्या भावाशिवाय असा दुसरा कोण असणार?

लापो माझ्याहून धाकटा. मासळी वेशीबाहेर उतारावर त्याची चुन्याची भट्टी होती. आमच्या भिंतींचा सगळा गिलावा त्याच्याच चुन्याचा. अंगाने बैल, पुढच्या दोन दातांत करंगळी जाईल एवढी फट, हनुवटीला खोल खळी. हसायला कारण लागायचे नाही. लहानपणी बापाच्या पट्ट्याखालीसुद्धा तो हसायचा आणि त्यापायी आणखी मार खायचा.

आम्ही त्याला रंगशाळेच्या तुळईला टांगला. घोटा सोलवटू नये म्हणून मी दोराखाली लोकरीचे फडके गुंडाळले.

"दाजी," उलटा लोंबकळत लापो म्हणाला, "माझ्या बहिणीशी लग्न तुम्ही केलंत. टांगून घ्यायची पाळी माझ्यावर कशी आली?"

"गप राहा, मेव्हण्या. तोंड हललं की दात चुकतो."

"जेवायला काय आहे?"

"बदक. भाजतेय तुझी बहीण."

"अख्खं? मग दुसऱ्या पायालाही बांधा."

त्याला थोडा वेळ टांगायचे, डोळे लाल झाले की उतरवायचे, वाइन पाजायची, पुन्हा टांगायचे. मोकळा पाय हवेत धरून दुखायला लागला की लापो तो गुडघ्यात मुडपून बांधलेल्या पायामागे अडकवायचा, कुंपणाला टेकून गप्पा मारणाऱ्या माणसासारखा. फाझिओला ते फार आवडले. तो म्हणाला, "पाय तसाच ठेव. मरणाऱ्या माणसाचं अंग असंच आधार शोधतं." कोणा मरणाऱ्याला त्याने इतक्या जवळून पाहिले होते देव जाणे. पण पाय त्याने तसाच काढला.

मग परांची उभी राहिली. ओला गिलावा सुकायच्या आत रंग मुरला पाहिजे, म्हणून रोज जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा थापायचा. पायमोजे तांबड्या गेरूचे, अंगरखा हिरवा, पांढरा रंग चुन्याचा. भिंतीवर पांढरा चुन्याचाच लागतो. शिशाचा सफेदा लाकडी फळीवर दुधासारखा शोभतो, पण उघड्या भिंतीवर लावला की ऊनपाऊस खाऊन काळा पडतो. फाझिओच्या गुरूने एकदा घाईत देवळाच्या दर्शनी भिंतीवर देवदूतांच्या तोंडांना सफेदा लावला होता. काही वर्षांनी तिथे देवदूतांऐवजी कोळसेवाल्यांची पंगत बसलेली दिसायला लागली.

चेहऱ्याच्या दिवशी मी रंगाच्या वाट्या घेऊन वर गेले आणि मान वाकडी करून पाहिले. उलटा असला तरी तो लापोच होता.

"दात झाक," मी म्हणाले. "खळीही बुजव. तेवढ्यावरून कोणीही ओळखेल."

"दात झाकला तर तोंड मरतं," फाझिओ म्हणाला. "बघ तरी, कसं उतरलंय."

त्याला भीती होती हे खरे, पण त्याहून मोठा त्याचा गर्व होता. इतके जिवंत तोंड त्याच्या हातून आजवर उतरले नव्हते, आणि ते मारायला तो तयार नव्हता. मी त्यावर भांडले. भांडणात गिलावा सुकत आला, आणि सुकलेल्या गिलाव्यापुढे कोणाचे चालत नाही.

परांची उतरली तेव्हा चौकात आरोळी उठली. गावाला असाच हवा होता, रक्ताने तोंड फुगलेला, जीव जाता जाता तडफडणारा. खाली नाव होते, रानिएरी. पहिला मारा बेत्तोने केला. त्याने शेण नव्हे, घमेलेभर आतडी आणली होती. तो एकेक फेकत राहिला, संपली तेव्हा रिकामे घमेलेही फेकले. कोणी हसले नाही. पोदेस्ताने फाझिओची पाठ थोपटली आणि मीही मनातून सैल झाले.

वसंतातल्या बाजाराला ग्रिल्लो नावाचा एक डोंबारी गावात आला. हातांवर चालायचा आणि तळपायांवर लाकडी थाळी फिरवायचा. मी तेव्हा घरी होते. चौकातले मला नंतर इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितले की आता ते मी पाहिल्यासारखेच वाटते. ग्रिल्लो हातांवर चालत चालत भिंतीसमोर आला आणि थांबला. गावात एकटा तोच असा होता, ज्याला भिंतीवरचा माणूस सुलटा दिसत होता.

"अरे, हा तर चुनेवाला लापो," तो म्हणाला. "दात बघा की, अन् हनुवटीची खळी. परवा यानंच मला भट्टीजवळ झोपायला जागा दिली. ऊब छान होती."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आधी लोक हसले. मग एकजण ओणवा होऊन पायांमधून बघायला लागला, मग दुसरा, मग बायका. अख्खा बाजार ढुंगण वर करून माझ्या भावाकडे बघत होता. आणि मग हळूहळू हसणे थांबले.

बेत्तो ओणवा झाला नाही. तो भिंतीकडे डोके करून चिखलशेणात उताणा झोपला आणि बराच वेळ वर बघत राहिला. उठला तेव्हा त्याची पाठ शेणाने भरली होती. फाझिओ तिथेच अंडी घेत उभा होता.

"मास्तर, कोणाचा चेहरा हा?"

फाझिओला आपला हात आठवला. "रानिएरीचा," तो म्हणाला. "देवाशपथ सांगतो बेत्तो, मी रानिएरीच काढलाय. लापो माझ्या मनातसुद्धा नव्हता."

"मनात नव्हता?"

"नव्हता."

"मग आला कसा?" बेत्तो लोकांकडे वळला. "देवमातेच्या चित्राच्या डोळ्यांतून पाणी येतं ते आपण बघितलंय. संत रोमुलोच्या भिंतीतून रक्त आलं तेही बघितलंय. मास्तरनं काढायला घेतला एक आणि देवानं हात धरून काढवला दुसरा. त्या पहाटे वेशीबाहेर एकच भट्टी होती, याची. स्वार तिच्यासमोरून आत आले. माझी पोरं मेली, अन् त्याला साधा ओरखडा नाही. अडसर कुणी काढला म्हणून चार महिने विचारतोय आपण. भिंत सांगत होती, आपण उलटं बघत होतो."

हे ऐकून बायकांनी छातीवर क्रूस काढले. इथे चित्र रडते, चित्र नवसाला पावते, चित्रासमोर लंगडा चालायला लागतो. तेच चित्र खोटे सांगेल असे कोणाच्या मनातही येत नाही. आणि चितारी स्वतः शपथेवर सांगत होता की हा चेहरा मी काढलेला नाही.

फाझिओ धावत घरी आला आणि मला सगळे सांगितले. सांगताना तो उजवा हात काखेत दाबून उभा होता.

"परत जा," मी म्हणाले. "सांग, लापोला टांगून काढला म्हणून."

"हात जाईल, नूता."

"आणि लापोचा जीव जाईल. यातलं मोठं कुठलं ते मी सांगू?"

"चिताऱ्याला हात म्हणजेच जीव. इकडे आड तिकडे विहीर झालीय माझी."

"तुझी? विहिरीत दुसऱ्याला ढकललंस तू."

मी हातातला वरवंटा त्याच्या पायाशी आपटला आणि मासळी वेशीकडे पळत सुटले.

लापो भट्टीच्या तोंडाशी सरपण सारत होता. मी धापा टाकत सांगितले, खेचर घे आणि नदीपार मावशीकडे जा. त्याने आधी मला पाणी दिले.

"भट्टी अर्ध्यावर आहे," तो म्हणाला. "आता सोडली तर सगळा दगड कच्चा राहील. अन् कर नाही त्याला डर कशाला? बेत्तो ओळखतो मला. त्याच्या पोरांना पुरलं त्या खड्ड्यात चुना मीच टाकला, माझ्या हातानं. त्या पहाटे रिकाम्या भट्टीत लपून बसलो होतो, एवढीच काय ती माझी चोरी. तेही सांगेन त्याला."

"लापो, ते ऐकायला येत नाहीयेत."

"माणसं आहेत ती, नूता. लांडगे नाहीत."

ते उतारावरून येताना दिसले. पुढे बेत्तो. लापो हात पुसत पुढे झाला आणि पाहुणे आल्यावर हसतो तसा हसला.

"तो बघा दात," कोणीतरी म्हणाले.

पहिला घाव फावड्याचा होता, खांद्यावर. तो खाली बसला तेव्हा त्यांनी त्याचीच भट्टी ढोसायची सळई उचलली आणि बरगड्यांवर चालवली. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. मी एकाच्या मनगटाचा लचका तोडला. मला कोणीतरी फावड्याच्या दांड्याने तोंडावर मारले, माझे दोन दात तिथेच चुन्यात पडले. लापोला पायाला धरून फरफटत वेशीतून आत नेले. घाटावरच्या दगडांवर त्याचे डोके आपटत होते आणि तो दर दगडाला बेत्तोचे नाव घेऊन काहीतरी सांगत होता. बेत्तोने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

चौकात पोचलो तेव्हा फाझिओ तिथे उभा होता. त्याच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की तो आला. तो खाटकाच्या ओट्यावर चढला आणि उजवा हात वर करून ओरडला.

"चेहरा लापोचाच आहे. मी रानिएरीचं तोंड पाहिलंच नव्हतं. लापोला माझ्या घरात टांगला आणि बघून काढला. मी गावाला फसवलं. हा घ्या हात, तोडा."

लापोला ओढणारे हात थांबले. मला वाटले, वाचला.

"सकाळी शपथेवर म्हणालास, रानिएरीचा," बेत्तो शांतपणे म्हणाला. "आता म्हणतोस, लापोचा. म्हणजे चेहरा याचा आहे हे तुलाही कबूल."

"मी टांगून काढला म्हणतोय ना!"

"मेव्हणा आहे तुझा. तू हातच काय, मुंडकंही देशील." त्याने लोकांकडे पाहिले. "मास्तर म्हणतोय टांगून बघितला. आपणही टांगून बघू."

वर खिडकीत पोदेस्ता उभा होता. मी त्याच्याकडे बघून ओरडले, रक्ताची गुळणी थुंकून पुन्हा ओरडले. त्याने खिडकी लावली नाही, तोंडही उघडले नाही. ज्या गावात चार महिने माणसे एकमेकांकडे सुरीवर हात ठेवून बघत होती, ते गाव आज एकाच माणसाकडे बघत होते. पोदेस्ताला ते सोयीचेच होते.

चित्राशेजारी, वरच्या मशालीच्या कडीतून दोर ओवून त्यांनी लापोला उजव्या पायाने वर ओढला. मोडलेल्या बरगड्यांमुळे त्याला श्वास घेता येत नव्हता. थोडा वेळ तो नुसताच फिरत राहिला, कधी तोंड आमच्याकडे, कधी भिंतीकडे. मग मोकळा पाय दुखला असेल. त्याने तो गुडघ्यात मुडपला आणि बांधलेल्या पायामागे अडकवला.

चौकातून एकच हुंकार उठला. भिंतीवर तोच पाय, तसाच मुडपलेला.

"पायसुद्धा," एक बाई म्हणाली. "देवा, पायसुद्धा तोच."

मी फाझिओकडे पाहिले. त्याने दोन्ही हातांनी डोळे झाकले होते.

बेत्तोने ग्रिल्लोला मानेला धरून पुढे आणले. "उलटा हो. दोन्हीकडे नीट बघ आणि सांग." ग्रिल्लो रडत होता, म्हणत होता की मला माफ करा, मी उगीच बोललो, मला नीट दिसत नाही. त्यांनी त्याला उलटा धरला तेव्हा कुठे तो हातांवर उभा राहिला. त्याचे अश्रू कपाळावरून केसांत जात होते. ज्याने त्याला उबेला जागा दिली तो माणूस त्याच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर, त्याला सुलटा दिसत होता.

"सारखाच," ग्रिल्लो म्हणाला. त्याला मी दोष देत नाही. तो नाही म्हणाला असता तर पुढचा दोर त्याच्यासाठी होता.

मला दोघांनी धरून ठेवले होते. फिरता फिरता लापोचे तोंड माझ्याकडे आले आणि त्याने मला शोधून काढले. ओठ सुजले होते तरी तो नीट बोलला.

"नूता, या वेळी फडकं नाही बांधलंस."

थट्टा होती की तक्रार, मला अजून कळलेले नाही. बेत्तोने त्याचे केस धरले आणि डुकराला देतात तसा कानाखाली एकच वार दिला. रक्त हनुवटीवर आले, खळीत साचले, मग नाकावरून, डोळ्यांवरून केसांत उतरले. उलट्या माणसाचे रक्त स्वतःच्या तोंडावरूनच जाते. फाझिओने ते चित्रात काढले नव्हते, त्याला माहीत नव्हते.

फाझिओचा हात तोडला नाही. पोदेस्ताने सांगितले की देवाने ज्या हाताकडून सत्य काढवून घेतले, तो तोडणे पाप आहे. उलट त्या हाताला आणखी एक काम दिले. चित्राखालचे रानिएरीचे नाव खरवडून तिथे माझ्या भावाचे नाव लिहायचे, आणि शेणाने खराब झालेला चेहरा धुऊन पुन्हा उजळायचा, म्हणजे पुढच्या पिढ्यांना दगाबाज नीट दिसेल. नाही म्हटले असते तर त्याला दगाबाजाचा साथीदार ठरवले असते, आणि बायको म्हणून मलाही.

फाझिओ चुलीपाशी बसून होता. जेवत नव्हता. मी दोन दिवस त्याच्याकडे पाहिले नाही. तिसऱ्या सकाळी मी पाटा मांडला.

"वाटतेस?" त्याने विचारले.

"वाटते."

मी वाटले ते फडताळातल्या खालच्या डब्यातले. परांचीवर वाटी त्याच्या हातात दिली, तेव्हा त्याचा हात किंचित खाली गेला. सफेदा चुन्यापेक्षा फार जड असतो. आयुष्यभर रंग हाताळलेल्या माणसाला ते बघावे लागत नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. खाली पोदेस्ताचा शिपाई उभा होता, बेत्तो उभा होता, अर्धे गाव उभे होते.

फाझिओने कुंचला बुडवला. कपाळ, गाल, हनुवटी, दात, सगळा चेहरा त्याने सफेद्यानेच उजळला. मग काळ्या पट्टीवर त्याच सफेद्याने, सुबक, मोठ्या अक्षरांत नाव लिहिले. इतके पांढरे आणि इतके स्वच्छ उतरले होते की लोकांनी वाहवा केली. ते त्याने भिंतीवर केलेले शेवटचे काम. पुढे तो लग्नाच्या पेट्यांवर वेलबुट्टी काढू लागला, माणसाचे तोंड म्हणून कुठे काढले नाही. मी त्याला मरेपर्यंत वेळेवर जेवायला घातले. माफ केले असे मात्र कधी म्हणाले नाही, आणि त्यानेही विचारले नाही.

पावसाळे आले, हिवाळ्यातले धुके आले. आधी अक्षरांच्या कडा करड्या झाल्या, मग गाल. आता काळ्या पट्टीवर काळी अक्षरे आहेत, कोणाला वाचता येत नाहीत. चेहऱ्याच्या जागी काजळीचा डाग आहे. लोक म्हणतात, पाप्याचे तोंड देवानेच काळे केले. म्हणू देत. जी पोरे आता बाजारात शेण मारतात त्यांना मी मुद्दाम विचारते, कोण रे हा? त्यांना सांगता येत नाही. बेत्तो अजून जिवंत आहे. तोही बाजाराच्या दिवशी भिंतीसमोर येऊन उभा राहतो, मान वाकडी करून त्या डागात काहीतरी शोधतो, आणि मग माझ्याकडे न बघता निघून जातो. अडसर कोणी काढला ते आजतागायत कळलेले नाही.

मुडपलेला पाय तेवढा दिसतो. तो गेरूचा आहे, गेरू भिंतीवरून जात नाही. बाजारातून परतताना मी तिथे थोडी थांबते. वर हात पोचला असता तर त्या घोट्याला फडके बांधून आले असते.